तक्त्यामागे

तक्त्याचा स्टँड मोडला तेव्हा अब्बाच पुढे झाले. अरबाब, म्हणजे ज्यांची गाडी ते चालवत ते मालक, काही बोलायच्या आधीच म्हणाले, "मेरा लडकी पकडेगा, अरबाब. नो प्रॉब्लेम."

मी दोन्ही हात वर करून तक्ता धरला. माझं तोंड त्यामागे झाकलं गेलं. लोकांना दिसत असतील फक्त माझी बोटं आणि सँडल.

कुवेतचं युद्ध होऊन एखाद-दोन वर्षं झाली होती. आम्ही आखातात राहत होतो, मी दहावीत होते. शाळा अरबाबच्या मुलीची, मरियमची. प्रदर्शन तिचं. तक्ता माझा. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून दर शुक्रवारी अब्बा मला जनाबिया भागातल्या त्यांच्या व्हिलावर सोडत आणि मी तिचा इतिहास लिहीत बसे. खिलाफतीतलं सरकार आणि समाज. वर खलिफा. मग सुभेदार, काझी. मग अरब. त्यांच्याखाली अरब नसलेले मुसलमान. उमय्या घराण्याच्या राज्यात कलमा पढूनही त्यांना कुणा अरबाच्या आश्रयाला जावं लागे. लढाईत अरब घोड्यावर, हे पायी. लुटीतला वाटा कमी. कित्येकांचा जिझियाही सुटत नसे.

ते लिहिताना माझा हात थांबला होता. मशिदीत अब्बा आणि अरबाब खांद्याला खांदा लावून उभे राहतात. नमाज संपली की अब्बा पुढे पळतात. गाडीचं दार उघडायला.

तक्त्यापलीकडून शाळेच्या बाईंचा आवाज आला. "ही खालची ओळ कोणाची?"

मरियम म्हणाली, "नवे मुसलमान, मिस. अरब त्यांना सांभाळायचे. दे वेअर व्हेरी हॅपी."

मी चारचौघांत बोलत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटत नाही. पण हात खाली आले. तक्ता मी भिंतीला टेकवून ठेवला.

"नो, मिस. दे वेअर नॉट हॅपी," मी म्हणाले. "अब्बासी घराणं उमय्यांविरुद्ध उठलं, तेव्हा हेच लोक त्यांच्या बाजूनं लढले. उमय्यांचं राज्य गेलं."

मरियम लाल. अरबाब मात्र हसले. अब्बांना ते सदीक, म्हणजे दोस्त, म्हणत.

"सदीक, तेरा लडकी बहुत कलाम करता. खलास. चार्ट ऊपर, यल्ला."

"माफ करो, अरबाब. बच्ची है." मग अब्बा माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "उचल गो, बाय."

मी उचलला नाही.

गाडीत अब्बा म्हणाले, "आपला व्हिसा त्याच्या हातात हाय. पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. आणि तू काय, पुस्तक वाचून राज्य उलथवतेस?"

त्यांनी गाडी सिग्नलला थांबवली.

"शुक्रवारी चल. माफी माग. मरियमला पुढचा धडा लिहून हवाय."

"नाही."

"मग मी मागतो तुझ्या वतीनं."

"तुमच्या वतीनं मागा, अब्बा. माझ्या नको."

शुक्रवारी ते एकटेच गेले. तिथे काय बोलले, त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आईनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला. व्हिसा रिन्यू व्हायचा होता आणि घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून तोच विचार करत होतं.

मीही केला. व्हिसा गेला तर रत्नागिरीला परत जाऊ. तिथे माझ्या मराठीला पोरी हसतील. हसू देत. अरबाबच्या घरासाठी मी पुन्हा एक ओळ लिहिणार नाही. अब्बांनी हात जोडून सांगितलं तरी.