रिकामी परतणारी नाव : चंबळच्या घाटावर एक दिवस

आमच्या ग्वाल्हेरात नदी म्हणजे स्वर्णरेखा, आणि ती ओलांडायला नाक दाबण्यापलीकडे कुठल्या साधनाची गरज पडत नाही. अशा गावच्या दाना ओली मोहल्ल्यात वाढलेला माझा मावसभाऊ नंदू जगभरातल्या प्रवासी बोटी बुडू नयेत म्हणून झटतो, हे सांगितलं की लोक मला पुढचं वाक्य विचारत नाहीत, थेट चहा देतात. पण ते खरं आहे. बोटींच्या विम्यात अर्धं आयुष्य काढल्यावर तो नावमालकांच्या एका जागतिक संघटनेत शिरला आणि परदेशी राहायला गेला. दिवाळीला घरी आला, तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला, आमच्याकडे उरलेल्या फराळाला बसला आणि चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "परवा चंबळच्या घाटावर जाऊन राहिलोय. चल नं तू पण."

मी लगेच हो म्हटलं. सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आतून म्हणाली, "तुम्ही दोघंच गेलात तर एक बुडेल आणि दुसरा त्यावर लिहील. मी येते."

तर ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी आधी कामाचं. तुळशीचं लग्न झालं की हा प्रवास करावा. उन्हाळ्यात जाऊ नका, बीहडात, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळींत, सावली नसते. पाऊस संपून पिंपांवरचा तरंगता पूल बांधेपर्यंतच्या दिवसांत नावा चालतात, पूल झाला की बंद. ग्वाल्हेर ते मुरैना हमरस्ता आहे, पुढे अंबाहच्या बाजूला वळलं की रस्ता आपल्या मर्जीने चालतो. आमच्या गाडीला घाटापर्यंत अडीच-तीन तास लागले, त्यात मुरैन्याला गजक, म्हणजे तिथली तिळगुळाची मिठाई, घेण्याचा वेळ धरलेला आहे. गजक थंडीतच घ्या आणि दुकानदार चव बघायला देतो त्यावर पोट भरू नका, ते मी करून पाहिलं आहे. चपला भिजल्या तरी चालतील अशा घाला. सुलभाने बजावून लिहायला सांगितलंय की बायकांनी मुरैना सोडण्याआधी सोय पाहून घ्यावी, पुढे निसर्गाशिवाय काही नाही. घाटाचं नाव मी मुद्दाम देत नाही. चंबळवर असे घाट बरेच आहेत.

गाडीत नंदूने त्याचं काम समजावलं. बोट बुडाल्यावर बुडालेल्यांचे नातेवाईक सरकारकडे जातात, तेव्हा त्यांना सहानुभूती मिळते. बोटीचे मालक एकत्र होऊन सरकारकडे गेले आणि म्हणाले की आम्हाला धक्का बांधून द्या, दिवे द्या, नियम लावा, आम्ही पाळतो, तर मिळण्याची थोडी शक्यता असते. म्हणून तो मालकांच्या मागे लागतो. इथे अडचण अशी की नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं, दोन सरकारं आणि नावमालकांच्या दोन समित्या. त्या दोन समित्यांची एक व्हावी यासाठी पलीकडे बैठक होती. ती झाली तर पुढच्या मदतीची वाट मोकळी. नाही झाली तर त्याची संघटना चंबळचा नाद सोडणार होती, आणि नंदूला आता निवृत्तीआधी दुसरा घाट मिळणार नव्हता.

मी म्हटलं, एकत्रीकरणाचं मला सांगू नकोस. आमच्या शहरात संस्थान विलीन झालं, मध्यभारत आला, हिवाळ्यापुरती राजधानी पदरात पडली आणि मग तीही भोपाळला गेली. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कोणी 'एक होऊ या' म्हटलं की तो आधी विचारतो, कचेरी कुठे राहणार? नंदू म्हणाला की नेमका त्याच प्रश्नावर मागची बैठक मोडली होती.

बीहडाच्या मातीच्या सुळक्यांमधून गाडी खाली उतरली आणि एकदम नदी दिसली. चंबळ इतकी निळी असेल असं आम्हा नळाच्या पाण्यावर वाढलेल्यांना वाटत नाही. पलीकडच्या वाळूवर घड्याळं... नव्हे, घडियाल, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरी, पडले होते, सरकारी कचेरीतल्या दुपारसारखे. काठावर चहाची टपरी होती. चहा गोड, समोसा कालचा.

चहा पिताना एक गोष्ट पाहिली. पलीकडून नाव भरून आली, माणसं, मोटारसायकली, एक शेळी उतरली, आणि ती नाव तशीच रिकामी परत निघाली. आमच्या काठावर तेव्हा निदान तिला पुरतील एवढी माणसं ताटकळत उभी होती, पण एकही तिच्याकडे वळला नाही. मला वाटलं ती नादुरुस्त असेल. नंदू म्हणाला, नाही, हीच इथली रीत. ज्या काठाची नाव, त्याच काठाची माणसं भरायची. परतताना रिकामं यायचं. बापजाद्यांनी भांडणं मिटवायला घातलेला हा तोडगा. त्यामुळे निम्म्या फेऱ्या रिकाम्या जातात आणि उरलेल्या निम्म्यांत माणसं कोंबली जातात. समित्या एक झाल्या की कुठलीही नाव कुठूनही भरेल आणि गर्दी आपोआप हलकी होईल, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला म्हटलं, ही रीत आमच्या नगरपालिकेने शोधली असती तर मी थट्टा केली असती.

आमच्या काठाच्या समितीचा प्रमुख सरनाम. पन्नाशीचा, आवाज खणखणीत, आणि त्या दिवशी पांढऱ्याशुभ्र कुडत्यात. कारण पलीकडच्या गावी त्याच्या बहिणीच्या, मुन्नीच्या मुलाचं लग्न होतं आणि सरनाम 'भात' घेऊन निघाला होता. भात म्हणजे मामाकडचा आहेर. भाऊ सगळ्या गोतावळ्यासकट बहिणीच्या दारी येतो, ती पाटावर उभी राहून त्याला टिळा लावते, तो तिला चुनरी पांघरवतो, मग लग्नकार्य पुढे सरकतं. गोतावळा सगळा एकदम दारात दिसायला हवा. तुकड्यातुकड्याने आलेला भात म्हणजे मुन्नीला सासरी वर्षभर टोमणे. तिकडचा प्रमुख हाकिम हा तिचाच थोरला दीर. म्हणजे दोन समित्या आधीच एकमेकींच्या नात्यात होत्या, फक्त बोलत नव्हत्या.

सरनामने नंदूला अभिमानाने आपली नाव दाखवली. बाजूला पांढरा पट्टा रंगवलेला. पाणी पट्ट्याला टेकलं की माणसं घेणं बंद, असं नंदूने मागच्या खेपेला शिकवलं होतं. सरनामने उतारू बसवायला सुरुवात केली आणि खरंच, पाणी पट्ट्याला टेकताच हात आडवा धरला. मागे राहिलेले कुरकुरले, त्याने ऐकलं नाही. नंदूचा चेहरा असा उजळला की मला त्याचा दहावीचा निकाल आठवला.

मग सरनाम वळून म्हणाला, "चलो, अब घर के लोग बैठो."

काका बसले, काकवा बसल्या, पोरं बसली, आहेराच्या परड्या चढल्या. सगळ्यांत शेवटी फूफाजी, म्हणजे सरनामच्या आत्याचे यजमान, सत्तरीतले; जावई कितीही म्हातारा झाला तरी रुसायचा हक्क राखून असतो. त्यांना बसायला मऊ हवं म्हणून नंदूच्या संघटनेने दिलेली दोन जीवरक्षक जाकिटं खाली अंथरली. पांढरा पट्टा दिसेनासा झाला.

नंदू हळूच म्हणाला की पट्टा पाण्याखाली गेला. सरनामला खरंच कळेना की हा माणूस काय म्हणतो आहे. "साहब, सवारी तो पूरी गिन के बैठाई है," तो म्हणाला. "ये तो घर के लोग हैं."

लबाडी नव्हती हो त्यात. भाडं देतो तो सवारी, म्हणजे उतारू. घरचे भाडं देत नाहीत, म्हणजे ते उतारू नाहीत, म्हणजे ते मोजायचे नाहीत. नंदूने मला नंतर सांगितलं की तो जिथे जिथे गेला तिथे हे असंच आहे. कुठे अंगावरची पोरं मोजत नाहीत, कुठे पुजारी, कुठे पोलीस. ज्याला फुकट नेतात त्याचं वजन होत नाही.

नंदू बसला नाही. आम्हा दोघांनाही त्याने बसू दिलं नाही. सरनाम म्हणाला, तुम्ही नाही आलात तर बैठक कशी व्हायची? नंदू म्हणाला, तुम्ही असे गेलात तर बैठकीत बोलायचं काय? बसलेल्या उतारूंना उतरवावं तर त्यांनी भाडं दिलेलं. घरच्यांना उतरवावं तर कोणाला? दुसऱ्या फेरीत जाईल तो उरलेला ठरणार. फूफाजींनी ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं की ते घरी परत जायलाही तयार आहेत. सूर्य कलायला लागला होता आणि पलीकडे मुन्नी पाट मांडून उभी असणार होती.

तेवढ्यात हाकिम स्वतः दुसरी नाव घेऊन आला. नवरदेवाचा थोरला काका म्हणून भात कुठवर आला ते बघायला आला असावा. माणसं उतरवून त्याची नाव रिकामी झाली, तिलाही तसाच पांढरा पट्टा होता. सुलभाने तिच्याकडे बोट दाखवून, अगदी भाजीवालीला विचारावं तसं विचारलं, "मग यांतले अर्धे त्या नावेत का नाही बसत? दोन्ही बरोबरच निघा."

हाकिमने ते ऐकलं आणि मोठ्या मनाने म्हणाला, या की, आपण कुठे पैसे मागणार आहोत, नातं आहे.

आणि तिथेच घोडं अडलं. या मुलखात भाऊ लग्न झालेल्या बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. तिच्या सासरच्या नावेत फुकट बसून भात घेऊन जायचं? सरनामचा चेहरा असा झाला की त्याला पोहत जाणं सोपं वाटलं असतं. त्याने आपल्या नावेकडे पाहिलं. एक पोर नावेच्या काठावरून हात घालून पाण्याशी खेळत होतं. आता तिथून पाणी सहज हाताला लागत होतं.

मग तो हाकिमसमोर गेला आणि म्हणाला, "भाड़ा लोगे तो बैठेंगे."

आता लाज हाकिमची. भात घेऊन येणाऱ्या मामाकडून भाडं घेतलं असं गावात कळलं तर त्याला तोंड दाखवायला जागा नाही. एकाला फुकट बसता येत नाही, दुसऱ्याला पैसे घेता येत नाहीत, आणि दोघांची मिळून एक रिकामी नाव. मी आयुष्यभर थट्टेवर पोट भरलं, पण इथे मला भर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवटी हाकिमने हात पुढे केला. पैसे घेतले, कमरेला खोचले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तो फिर सवारी हो. लाइन तक बैठाऊँगा, एक ज़्यादा नहीं. रिश्तेदार उस पार उतर के बनना."

एकेक करून घरचे उतरले आणि हाकिमच्या नावेत बसले, पोरंटोरं धरून, मोजून, आणि त्यांच्यामागून आम्ही तिघं. फूफाजींनी स्वतःचं भाडं स्वतः दिलं. बहुधा उभ्या जन्मात पहिल्यांदा. सरनामच्या नावेचा पांढरा पट्टा पुन्हा वर आला, त्यावरून पाणी ओघळत होतं. दोन्ही नावा जोडीने निघाल्या. मी बऱ्याच नद्या पाहिल्या आहेत असं लिहायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मी नावेचा काठ दोन्ही हातांनी धरून बसलो होतो आणि मला फक्त काठ दिसला.

पलीकडे उतरल्यावर सगळे पुन्हा नातेवाईक झाले, इतके की चिखलातच एकमेकांच्या पाया पडले. भात वाजतगाजत दारात गेला. मुन्नी पाटावर उभी होती. ताट हातात, पण टिळा लावायला ती लगेच पुढे झाली नाही. तिने एका टोकापासून बोटाने मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते. दोन्ही काठांची माणसं थांबून राहिली. मोजून झाल्यावर तिने विचारलं, "सब आ गए, भैया?"

"सब," सरनाम म्हणाला. "भाड़ा देके आए हैं."

ती हसली आणि लगेच डोळे पुसले. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला भात घेऊन निघालेली नाव मध्येच कलंडली होती. बाकीचे हाती लागले, धाकटा भाऊ लाखन लागला नाही. हे सुलभाला शेजारी उभ्या असलेल्या बाईने सांगितलं. नंदूला आधीपासून माहीत होतं. तो म्हणाला, सरनाम तेव्हापासून सगळ्यांना सांगतो की वारा सुटला होता, नावेत उतारू तर मोजूनच घेतले होते. आणि ते खरंच मोजून घेतले होते.

बैठक झाली. हाकिमच्या अंगणात, मांडवाच्या खांबाला टेकून, पुऱ्या तळण्याच्या वासात. सरनामने तिथेही पाणी घेतलं नाही, आपल्या बाटलीतलं प्यायला. ठरलं ते एवढंच: कुठलीही नाव कुठल्याही काठाची माणसं नेईल, नावेवर ज्याचा पाय पडेल त्याचं भाडं पडेल आणि तो मोजला जाईल, आणि धक्क्यासाठी दोन्ही सरकारांकडे एकाच कागदावर दोन्ही काठांच्या सह्या जातील. कचेरी कुठे, यावर एकमत झालं नाही. ग्वाल्हेरचा अनुभवी म्हणून मी सुचवलं की कचेरी ठेवूच नका. त्यावर मात्र दोन्ही काठ एकदिलाने माझ्यावर चिडले.

घरी येऊन आता काही दिवस झाले. नंदू परत गेला. संघटनेला काय कळवलंस, म्हटलं, तर म्हणाला, समित्या एक झाल्या एवढं लिहिलं, बाकीचं त्यांच्या भाषेत मांडता येईना. घाटावर आता तरंगता पूल झाला असेल आणि नावा ओढून ठेवल्या असतील. खरी परीक्षा पुढच्या पावसानंतर, लग्नसराईत, जेव्हा काठावर परदेशातून आलेला साहेब नसेल आणि फूफाजींच्या खिशात सुटे पैसे नसतील. पाळतील? मला माहीत नाही. नंदूलाही माहीत नाही, म्हणून तर त्याला झोप कमी आहे.

माझ्याबरोबर मुन्नीचं ते मोजणं राहिलं. ती भावापासून निघाली, काका-काकवा झाल्या, पोरं झाली, फूफाजी झाले, आणि बोट तिथे थांबलं नाही. मांडवाच्या कडेला आम्ही तिघं उभे होतो, तिने न पाहिलेली, कुठलाच आहेर न आणलेली माणसं. पण तिच्या माहेरच्या काठावरून, तिच्या माणसांच्या नावेतून उतरलेली. बोट आमच्यावरही आलं, एकेकावर थांबलं, ओठ हलले. मगच तिने विचारलं होतं, सगळे आले का.