साडूच्या डोळ्यातले जंतू

माझे आणि साडूचे डोळे एकाच वर्षी बाहेर यायला लागले. बायको म्हणायची, दोघी बहिणींचं नशीब सारखंच. मला ते आवडलं नाही. त्याच्यासारखं मला काहीच नको होतं, दुखणंसुद्धा.

लिंबायतच्या एकाच साड्यांच्या कारखान्यात आम्ही समोरासमोर लूम चालवायचो. साडू लगेच मोठ्या दवाखान्यात गेला. थायरॉईड निघाला. बिडी सोडा म्हटल्यावर त्याने त्याच दिवशी सोडली, म्हणून मी सोडली नाही. मग त्याच्या डोळ्यामागची वाढलेली चरबी कापून काढली, आणि त्याला विचारून डॉक्टरांनी तिचा तुकडा अभ्यासाला ठेवून घेतला. त्यात जंतू सापडले. जंतूंमुळे रोग वाढतो की ते नुसतेच तिथे राहतात, हे अजून डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही म्हणे.

झालं. बारसं असो की दहावं, जिथे जावं तिथे साडूचे जंतू. चौथी शिकलेला माणूस, पण डॉक्टर याच्याकडून शिकतात असा थाट. मी दुसरीतूनच सुटलेलो. माझ्या डोळ्यांना कोण विचारतो?

माझे डोळे चुरचुरायचे, झोपेतसुद्धा पापणी पुरती मिटायची नाही. मी सांगायचो, धाग्याची धूळ गेलीय. मेडिकलमधून थेंब आणून घालायचो. साडूच्या डॉक्टरकडे चला, असं बायको रोज म्हणायची. शेवटी चिडून अहिराणीत बोलली, "डोया तुमना से, साडूना नही." डोळा माझाच होता, तरी मी सहा महिने काढले.

मग एक दिवस लूमवर लाल साडी चढली आणि मी शेटशी भांडलो, की रंग उतरलेला धागा दिलाय, असलं फिकट मी विणणार नाही. शेट धाग्याकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. साडू समोरून आला आणि त्याने माझा उजवा डोळा हाताने झाकला.

"आता धागा कसा दिसतो, साडूभाऊ?"

लालभडक दिसत होता. मग त्याने डावा झाकला. तोच धागा विटका झाला. त्यानेच मला रिक्षात घातलं.

सुजलेल्या मांसाने डोळ्याची नस दाबली होती. ऑपरेशन झालं. माझाही तुकडा तपासा, असं मी आपणहून सांगितलं. त्यात एकही जंतू निघाला नाही. साडू म्हणाला, हवे तर माझ्यातले घ्या थोडे. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

डोळा जागेवर बसला, पण उजव्याला लाल अजून विटकाच दिसतो. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर डोळा वाचला असता. तेव्हा साडू शेजारीच उभा होता. त्याने हे कोणाला सांगितलं नाही, त्याच्या बायकोलासुद्धा नाही. मी त्याच्या जागी असतो तर पार शेजारच्या उधन्यापर्यंत सांगत सुटलो असतो. हा मोठेपणासुद्धा त्यालाच मिळावा, हे काही माझ्याच्याने सहन होत नाही.