रेंजर साहेबांचे दहा

"थांबा मॅडम, साहेब कितीवर उभे राह्यतात ते पाहू द्या आधी," गेडामभाऊ म्हणाले. माझं वर्कशॉप कुठल्या दिशेने जाणार, हे मला तिथेच समजायला हवं होतं.

चिमूरच्या पुढचं एक रेंज ऑफिस. रेंज म्हणजे जंगलाचा मोठा तुकडा, त्याचा मुख्य तो रेंजर. त्याच्या हाताखाली गेडामभाऊंसारखे क्षेत्रसहायक, त्यांच्याखाली वनरक्षक, आणि सगळ्यात खाली वनमजूर. मी समुपदेशक. 'स्टाफचा स्ट्रेस कमी करा' अशी वरून ऑर्डर सुटली की मला बोलावणं येतं. ऑर्डरमुळे स्टाफचा स्ट्रेस आणखी वाढलेला असतो, तो भाग वेगळा.

प्रोजेक्टर लावला आणि लाइट गेली. मग मी व्हॉलीबॉलसाठी आणलेली चुन्याची फक्की मागितली आणि आवारातच मोठं वर्तुळ आखलं. आमच्या धंद्यात याला 'व्हील ऑफ लाइफ' म्हणतात. चाकाचे आठ खण करायचे: काम, कुटुंब, तब्येत, पैसा, दोस्त वगैरे. मधोमध शून्य, कडेला दहा. त्या बाबतीत जेवढे समाधानी, तेवढं कडेकडे जाऊन उभं राहायचं. कोणाचं चाक कुठे चेपलंय ते लगेच दिसतं.

आखताना दोरीचं दुसरं टोक ललिताने धरलं होतं. ललिता मडावी, वनरक्षक. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या ह्या चाकात सुट्टी भेटते का?"

येत्या रविवारी तिचं साक्षगंध होतं, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. दोनदा पुढे ढकललं होतं. दोन्ही वेळा तिच्या बीटवर, म्हणजे तिने राखायच्या जंगलात, वाघ येऊन बसला आणि साहेबांनी सुट्टी नामंजूर केली. आता मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, की या रविवारी नाही जमलं तर आम्ही दुसरी सोयरीक पाहतो. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"पोरगं पसंत आहे का?" मी विचारलं.

"लय," ती म्हणाली आणि लाजून दोरी सोडून दिली. वर्तुळ त्या जागी थोडं वाकडं झालं.

मी साहेबांना अर्जाची आठवण करून दिली. "मॅडम, मी स्वतः चार वर्सं झाले सुट्टी नाई घेतली," ते छाती काढून म्हणाले. "आधी तुमचं ट्रेनिंग होऊ द्या. मंग पाहू."

ट्रेनिंग सुरू झालं. 'काम' म्हटल्यावर साहेब तडक दहावर जाऊन उभे राहिले. गेडामभाऊ त्यांच्या मागे नऊवर. वनरक्षक आठवर. वनमजूर नानाजी आणि त्यांची मंडळी सातवर. मला बरं वाटलं. 'तब्येत' म्हटलं, तीच रांग. साहेबांना शुगर आहे हे मला माहीत होतं, पण दहा! 'पैसा' झाला, 'दोस्त' झाले, तरी रांग हलेना.

"अहो, प्रत्येकाने आपापलं सांगायचं," मी ओरडले.

"आपापलंच आहे जी," गेडामभाऊ म्हणाले. "पण साहेबाच्या पुढं कसं जावं?"

मी कपाळाला हात लावला. पंगतीत मानाचं पान ठरलेलं असतं, तसं यांचं समाधानही हुद्द्याप्रमाणे वाढलेलं होतं. ललिता मुकाट्याने आठवर उभी होती, डोळ्यांत पाणी.

आम्ही 'कुटुंब'च्या खणात आलो, आणि मागच्या कुंपणाचं फाटक वाजलं. साहेबांचं क्वार्टर ऑफिसच्या मागेच. सुनंदाबाई, साहेबांच्या पत्नी, पदराला हात पुसत आल्या. सगळ्यांसाठी पाटोडीचा रस्सा त्यांनीच केला होता.

"जेवाले चला. हे काय करून राह्यले सगळे?"

मी चाक समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आन् हा खण कोणता?"

"कुटुंबाचा."

सुनंदाबाईंनी कडेला दहावर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "कोणाच्या कुटुंबाचा?"

कोणी हसलं नाही. हसू दाबताना मला मात्र ठसका लागला.

"अवो, आपल्याच," साहेब म्हणाले.

"मागं या."

साहेब आठवर आले.

"अजून."

साहेब पाचवर आले. मागे रांग उलटी चालायला लागली. गेडामभाऊंचा पाय नानाजींच्या पायावर पडला.

"अजून या, लाजू नका. परवा पोरीनं फोनवर इचारलं, बाबा घरी आहे का. मी म्हटलं, खिडकीतून दिसते."

साहेब एकवर येऊन थांबले. आता एक आणि शून्याच्या मध्ये अख्खी रेंज कोंबली गेली. पुढे दोनपासून दहापर्यंत मैदान मोकळं, पण एक माणूस पुढे सरकेना. मागचे मात्र शून्य ओलांडून पलीकडे गेले.

"मॅडम," नानाजी ओरडले, "मी तं तब्येतीच्या खणात आलो. चालते का?"

या गर्दीतून ललिता बाहेर पडली. मला वाटलं, पुढे जाईल. ती वर्तुळाबाहेरच जाऊन उभी राहिली.

"तू काऊन भायेर?" साहेबांनी विचारलं.

"माह्यं कुटुंब अजून व्हायचं आहे, साहेब. रविवारी होणार होतं."

"रविवारी काय आहे?" सुनंदाबाईंनी विचारलं. सगळेच जमिनीकडे पाहायला लागले, म्हणून मीच सांगून टाकलं. साक्षगंध, दोनदा मोडलेला बेत, टेबलावरचा अर्ज. माझ्या कामात असं दुसऱ्याचं सांगायचं नसतं. पण मला पोरीची दया आली होती आणि साहेबांचा रागही.

"सही करा," सुनंदाबाई म्हणाल्या. "मंगच वाढते."

"अवो, पण वाघ बसून आहे तिच्या बीटवर. रविवारी तिथी कोण जाईन?"

"तुमी जा ना. तसेही घरी कुठी राह्यता?"

साहेबांनी गेडामभाऊंकडे पाहिलं. गेडामभाऊंनी नानाजींकडे. नानाजींच्या मागे कोणीच नव्हतं. सही झाली.

रविवारी रेंजर साहेब खरंच बीटवर गेले. सुनंदाबाई साडी-चोळी घेऊन साक्षगंधाला गेल्या. ललिताने मला फोटो पाठवला, त्यात त्या नवरीपेक्षा जास्त हसताना दिसतात.

काही महिन्यांनी मी फॉलो-अपला पुन्हा गेले आणि चाक आखलं. 'कुटुंब' म्हटल्यावर साहेबांनी आधी क्वार्टरच्या खिडकीकडे पाहिलं. आतून चार बोटं वर झाली. साहेब चारवर उभे राहिले, आणि ओशाळे, पण खुश दिसले. गेडामभाऊ लगेच तीनवर गेले. एकटी ललिता सगळ्यांच्या पुढून तरातरा चालत नऊवर जाऊन उभी राहिली आणि मागे वळून पाहिलंही नाही.

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली आहे. साहेबांना सगळ्यांच्या शेवटी उभं करते, आणि जेवण कोण वाढणार आहे, ते आधी विचारून घेते.