ज्वारीच्या कोठीतला टाक

बायांनो, आज सकाळचीच गोष्ट सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ नागपूरच्या कॉलेजातून बाभुळगावले आला. त्याले ज्वारीच्या कोठीत चांदीचा टाक सापडला, देवघरात पुजतात तसला कोरीव पत्रा. मागच्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आम्ही घरातले देव नदीत सोडले होते.

तो आईवर खेकसला, "अजून देव लपवून राह्यली तू?"

आई रडाले लागली. मी भावाले खाली बसवलं अन् आईले विचारलं, "कायले ठेवला व?"

"देव नाही तो. तुमचे बाबा गेले तेव्हा त्यायच्या नावानं बनवला होता. त्यायचा एक फोटो तरी आहे काय आपल्यापाशी?"

भावानं टाक आपल्या सदऱ्यानं पुसला अन् आईच्या हातात ठेवला.

भाऊ कॉलेजात गेला तेव्हापेक्षा मले आज त्याचा जास्त अभिमान वाटला.

तुमच्या घरी आईवर खेकसायच्या आधी तिले कोणी 'कायले' म्हणून विचारते का?