भंडाऱ्यावरचं लाल पाऊल

माळेगावच्या खंडोबावर मी पुष्कळ दिवस रुसून होते. नवस फेडायला अनवाणी चालत गेले आणि पायाची दोन बोटं गमावून घरी आले. दवाखान्याच्या खाटेवर पडून मी त्याला मनातल्या मनात विचारायची, माझं कुठं चुकलं रे देवा? लेकीची दोन बाळंतपणं वाया गेल्यावर तिसऱ्या वेळी तिची कूस उजवली, त्याचा हा नवस होता. मी काही मागायला गेले नव्हते, दिलेला शब्द पाळायला गेले होते. मग हे असं का? आता रुसवा उरलेला नाही. हळहळ उरली आहे, आणि ती देवावर नाही, माझ्यावरच आहे.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. कोरडवाहू रान, सोयाबीन आणि तूर. मला साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत म्हणून बजावलं. मीही मान हलवली. चुकवायचा विचार मनात नव्हताच. पण सकाळी चहाबरोबर गोळी घेऊन खुरपणीला गेलं की उन्हं वर यायच्या आत पोट ढवळून यायचं आणि घाईनं जावं लागायचं. घरी संडास आहे, रानात काय आहे? एका ओळीत सगळ्या बाया खुरपायला बसलेल्या, पलीकडच्या बांधावर गडीमाणसं, आडोशाला एक बाभळ तेवढी. एकदा मी तशीच पोट दाबून बसून राहिले आणि नको ते झालं. दोघी पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून रानात जायचं असलं की मी गोळी टाळायची. आणि रानात तर रोजच जायचं असतं. त्यात माझा सोमवार, गुरुवार, एकादशी. उपाशीपोटी गोळी घेतली की हातपाय थरथरायचे, म्हणून त्या दिवशीही नको. होता होता गोळ्यांची पाकिटं डब्यात तशीच पडू लागली. घरी आमचे मालक विचारायचे, "गोळी घेतली का?" मी म्हणायची, "हाव." डॉक्टर विचारायचे, त्यांनाही हाव. पोटाचं असलं गाऱ्हाणं परक्या पुरुषापुढं कसं बोलायचं, हेच मला उमगत नव्हतं. अंगात तर काही दुखत नव्हतं. तळपाय मात्र कापसावर ठेवल्यासारखे वाटायचे. मला वाटलं, वय झालं.

मार्गशीर्षात मी, मालक आणि माझी मोठी जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणतो, असे माळेगावला निघालो. ते दोघं चपला घालून, मी अनवाणी. वाटेत एका पाहुण्याकडं मुक्काम केला. रविवारी उन्हं चढता चढता देवळात पोचलो. सगळी फरशी भंडाऱ्यानं पिवळी झालेली, येळकोटाचा गजर चाललेला. मी पायरीवर डोकं टेकवलं आणि मला भरून आलं. आजवरचा सगळा शीण उतरल्यासारखं वाटलं. त्या घडीला मी सुखी होते, हे खोटं नाही.

बाहेर पडताना बांगड्यांचा पसारा मांडून बसलेली एक मुसलमान बाई मोठ्यानं ओरडली, "ओ बाई, थांबा! पाय उचला!" मला वाटलं, तिच्या बांगड्यांवर पाय पडला. मी मागं वळून पाहिलं. देवळाच्या दारापासून माझ्यापर्यंत पिवळ्या भंडाऱ्यावर एकेका पावलाचा लाल ठसा उमटत आला होता. मागून येणाऱ्या एका म्हातारीनं त्यातल्या एका ठशाला देवाचं पाऊल समजून हात लावून कपाळाला लावला होता. ती आपल्या बोटांकडं बघत उभी राहिली.

"रगत हाय ते," बांगड्यावाली म्हणाली. "कळंना का तुम्हाला? दुखंना?"

खरंच दुखत नव्हतं. तिनं मला खाली बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पायावर ओतलं. बोटांच्या खाली मोठं भोक पडलेलं, कडेनं काळं झालेलं, वासही येत होता. अक्का म्हणाली, "भंडारा भरा त्यात. देवाचाच हाय, भरून यील." मालक म्हणाले, "उद्या मुखेडला दाखवू."

"भंडारा कपाळाला लावा," बांगड्यावाली म्हणाली. "पायाला डॉक्टर लागतो. आन् उद्या न्हाई, आत्ता."

मालकांना ते आवडलं नाही. कोण कुठली बाई, ती आम्हाला सांगणार! पण तिनं वाद घातला नाही. पसारा शेजारणीच्या हवाली केला, रस्त्यावर जाऊन नांदेडला निघालेली एक जीप थांबवली आणि स्वतःच माझ्या शेजारी चढून बसली. माझा पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला. मी नको नको म्हणत होते.

जीप चालू झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "साखर हाय न्हवं? गोळ्या घेताव का?"

"हाव," मी म्हणाले.

तिनं आपला पदर माझ्या पायाखाली घातला. मग म्हणाली, "माझा माणूसबी हावच म्हणायचा. पाय गेला, मग तोबी गेला."

नवऱ्याला सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही, ते मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. बाभळ, पोट, हसणाऱ्या पोरी, सगळं. ती ऐकत राहिली आणि माझ्या घोट्यावरून हात फिरवत राहिली. मालक पुढच्या सीटवर होते. त्यांनी मान वळवली नाही. नांदेड आल्यावर मला उतरवून घेताना एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं व्हतं." त्यांचे डोळे भरले होते.

डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, जुनं आहे, आत काटा मोडलेला आहे आणि पू हाडापर्यंत गेलाय. आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्यापासून पाय काढावा लागला असता. दोन बोटांवर निभावलं. मी शुद्धीवर आल्यावर मालकांनीच त्यांना माझ्या पोटाचं सांगितलं. मी तोंड भिंतीकडं केलं होतं. डॉक्टरांनी खाटेजवळ खुर्ची ओढली. मग म्हणाले, "मावशी, एवढंच होतं तर गोळी बदलून दिली असती. जेवणानंतर घ्यायची, पोटाला न बाधणारी गोळी मिळते. उपासाचंही बघता आलं असतं."

एवढंच होतं. बोटं गेल्याचं मला जितकं लागलं नाही, तितकं हे वाक्य लागलं. लाजेपोटी गिळलेलं एक वाक्य, आणि त्यापायी माझं चालणं कायमचं अधू झालं.

त्या गडबडीत बांगड्यावाली कधी निघून गेली कळलं नाही. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, नाव तर नाहीच. पुढं मालक माळेगावला जाऊन आले. तिच्या जागी दुसरंच कुणी बसलं होतं. ही माणसं जत्रा बघून फिरतात, ती कुठं गेली कुणाला ठाऊक नव्हतं. देवानं तिला पाठवलं की ती आपल्या मनानं आली, हा वाद मी घालत नाही. तिचा पदर माझ्या रक्तानं भिजला होता, एवढं मला आठवतं, आणि रोज दिवा लावताना मी तिच्या नावाच्या जागी नुसते हात जोडते.

देवापुढं लोटांगण घालायला मला कधी जड गेलं नाही. आपली लाज त्याच्या पायाशी ठेवणं मात्र जमलं नव्हतं. अनवाणी चालण्यापेक्षा ते अवघड आहे.

आता माझ्याच्यानं खुरपणी होत नाही. मी भाकरी घेऊन रानात जाते आणि बांधावर बसते. परवा शेजारची सून ओळ अर्धी सोडून माझ्याकडं आली. नुकतीच तिलाही साखर निघाली आहे. इकडंतिकडं बघत, पदराचा शेव पिळत ती म्हणाली, "काकू, त्या गोळीनं..." आणि थांबली. ओळीतल्या बाया आमच्याकडं बघत होत्या. मी सरकून तिला जागा करून दिली.

"बस," मी म्हणाले. "मलाबी व्हायचं तसं."