डांबर जिथे थांबलं

नव्या रस्त्याचं डांबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुरीने कापल्यासारखं थांबलंय. पुढे नुसते खड्डे. मतमोजणी बूथवार होते, त्यामुळे आमच्या गल्लीने आपल्याला मतं दिली नाहीत हे नव्या नगरसेवकाला निकालाच्या दिवशीच कळलं.

काल शेजारच्या मंदाकाकू वॉकर टेकत डांबराच्या कडेपर्यंत आल्या आणि नगरसेवकाच्या कार्यकर्त्याला म्हणाल्या, "अरे, मी तर तुम्हालाच मत दिलं होतं."

तो हसला. "काकू, आता सगळेच असं म्हणतात."

काकू खरंच बोलत असतील, पण पटवून कसं देणार? आपलं मत गुप्त असतं म्हणे. गल्लीला शिक्षा करता येईल इतकं उघडं, आणि काकूंना सुटता येणार नाही इतकं गुप्त.

मी चिडून म्हटलं, "सगळ्या बूथांची मतं आधी एकत्र करा, मग मोजा. कुठल्या गल्लीने काय केलं, कुणाला कळायलाच नको."

हरलेल्या उमेदवाराचा माणूस तिथेच उभा होता. वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हरलेल्याचा माणूसच आधी बोलला.

"वेड लागलंय का तुम्हाला? उद्या आम्ही निवडून आलो, तर रस्ता कुणाचा अडवायचा ते आम्हाला कसं कळणार?"