मामांना हात केला तेव्हा

सात रस्ता चौकातल्या दुकानातून आणलेला बाम गुडघ्याला चोळत बसलो होतो. तो झणझणीत वास नाकात गेला आणि मी पुन्हा सीमारेषेवर उभा राहिलो. अंगात देशाची जर्सी, आणि ती टिकवायची शेवटची संधी.

मागच्या गर्दीतून बार्शीचे मामा ओरडत होते, "आरं बाळू, हिकडं बग की! ही मानसं म्हंत्यात, तू माजा भाचाच न्हायस!"

लोक त्यांना हसत होते. मला राहवेना. मी वळून ऐटीत हात केला आणि नेमका तेव्हाच झेल माझ्याकडे आला. म्हणजे तो आला होता, असं नंतर कळलं; मी पाहिलं तेव्हा चेंडू दोरीपलीकडे होता. कर्णधार कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. इतका दमलेला चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. हल्ली रोज दाढी करताना बघतो.

संध्याकाळी मामा गेटवर थांबले होते. "लई झ्याक केलंस! समद्यांनी मला च्या पाजला. फुडच्या म्याचलाबी येतो बग."

पुढच्या सामन्यात मी नाही, हे तासाभरापूर्वीच कळलं होतं.

"या की मामा," मी म्हणालो, "पास ठेवतो."